एक धडा पुढे

खोटं बोलायला मला दोन सेकंद लागले आणि ते निभवायला चार महिने.

जुलै नुकता उजाडला होता. जयपूरच्या ज्या मुलींच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये आमचे प्राचार्य आले आणि म्हणाले, यंदा सायन्सच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगचा एक पेपर आलाय, नवा माणूस घेणं इतक्यात जमणार नाही, तर तुमच्यापैकी कुणाला येतं? सगळ्या एकदम पंख्याकडे बघायला लागल्या. फिजिक्सच्या मॅडमना पर्समध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधायचं होतं. मीसुद्धा पंख्याकडेच बघणार होते. पण आठच दिवसांपूर्वी याच प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं की बॉटनीला अकराच मुली आल्यात, तुमचे तास भरत नाहीत, पुढच्या वर्षी 'सोचना पड़ेगा'. चहा पाजून सांगितलेली बातमी कधी चांगली नसते.

"मुझे आता है, सर," मी म्हणाले.

काय येत होतं मला? सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'शुभ प्रभात'च्या फुलाखाली 'हे कमळ नाही, कुमुदिनी आहे' असं लिहून पाठवता येत होतं. त्यापायी दोन ग्रुपमधून मला काढलंही होतं. कंप्युटरशी माझी ओळख एवढीच.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आमचे हे विमा कंपनीतून रिटायर झालेले. सांगलीहून दोन वर्षांच्या बदलीवर म्हणून जयपूरला आलो आणि तिलक नगरात घर घेऊन बसलो ते बसलोच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, आगीचा विमा निघतो, चोरीचा निघतो. थापेचा अजून निघालेला नाही."

"मग काय करू? घरी बसू?"

घरी बसण्याने काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. रिटायर झाल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी माझे स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावले होते. अळशी पहिली, हिंग शेवटी. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. पुढे चिठ्ठ्या जागेवर राहिल्या आणि आतला माल इकडचा तिकडे झाला, आणि एका रविवारी पाहुण्यांसमोर मी शिऱ्यात मीठ घातलं. माझ्या रिटायरमेंटला तीन वर्षं बाकी होती. ती तीन वर्षं आम्ही दोघं चोवीस तास एका घरात राहिलो असतो, तर एकाला नक्की तुरुंगात जावं लागलं असतं, आणि ती मी असते.

थट्टा सोडा. मला खरी भीती वर्ग हातून सुटण्याची होती. सकाळी दहाला खडू घेऊन आत शिरलं, चाळीस तोंडं माझ्याकडे वळली, की मला माझे गुडघे आठवत नाहीत, वय आठवत नाही, रात्री झोप लागली नव्हती तेही आठवत नाही. ते कुणीतरी माझ्याकडून तीन वर्षं आधीच काढून घेणार होतं. म्हणून थाप मारली. आणि मारली ती मारली, आता मागे फिरायची माझी जात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी चौडा रास्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. अगदी नवशिक्यांसाठीचं पुस्तक मागितलं. दुकानदार म्हणाला, "बच्चा कौन सी क्लास में है?"

"फर्स्ट इयर में," मी म्हणाले. हे काही खोटं नव्हतं.

पुस्तक चांगलं विटेएवढं जाड होतं. स्टाफरूममध्ये कुणाला दिसू नये म्हणून घरी आल्या आल्या त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'प्लँट अ‍ॅनाटॉमी'. पायथन ही भाषा, नाव एका अजगराचं. न्यायाने ती झूलॉजीच्या मॅडमच्या गळ्यात पडायला हवी होती. पण त्या पंख्याकडे बघत होत्या ना!

या पुस्तकाच्या लेखकाला एक खोड होती. दर दोन परिच्छेदांनी तो लिहायचा, 'हे सहज लक्षात येईल.' मेल्याला कुठून सहज यायचं सगळं! मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने 'नाही येत' असं लिहायला सुरुवात केली. पहिल्या तीन धड्यांत माझे एकोणीस 'नाही येत' झाले. आणि तो दुसरं एक सारखं सांगायचा, की वाचत बसू नका, कंप्युटरवर टाइप करून बघा. हे मला अगदीच बालिश वाटलं. आमचा अभ्यास म्हणजे दोनशे पानी वही, लाल पेनाने आखलेला समास, धडा उतरवून काढायचा आणि पाठ करायचा. मी प्रोग्रॅम पाठ केले. सकाळी मोती डुंगरीच्या बाजूला फिरायला जायचे तेव्हा स्तोत्र म्हणावं तशी ओळीमागून ओळ पुटपुटत जायचे. एकदा समोरून येणाऱ्या एका आजोबांनी मला हात जोडून नमस्कार केला. कुठल्या देवाचं चाललंय हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर असं करत मी मुलींच्या एक धडा पुढे राहायला लागले. सोमवारी पहिला धडा शिकवायचा तर रविवारी दुसरा वाचून झालेला. रविवारी पाहुणे आले की माझी धांदल.

पहिला विजय मिळाला तो डब्यांमुळे. पुस्तकात व्हेरिएबल म्हणजे काय ते अडीच पानं लिहिलं होतं आणि मला घंटा कळलं नव्हतं. वर्गात उभी राहिले आणि एकदम आमचा शिरा आठवला. मी मुलींना सांगितलं, हा डबा. वर चिठ्ठी, आत माल. कंप्युटर चाखून बघत नाही, तो चिठ्ठी वाचतो आणि आत जे असेल ते देतो. तुम्ही साखरेच्या डब्यात मीठ भरलंत तर तो शिऱ्यात मीठच घालणार आणि पाहुण्यांसमोर तुमचीच शोभा होणार. चाळीस मुली खो खो हसल्या. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर त्यांनी स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

पण त्याच तासाला पहिल्या बाकावरून एक हात वर आला.

ही मुलगी झोटवाड्याहून दोन बस बदलून यायची. घरी आई आणि काकू शिलाईचं काम करायच्या. आठवड्यातून एकदा तरी ती उशिरा यायची आणि कारण तेच असायचं, "मॅम, मशीन अटक गई थी, ठीक करके आई हूँ." अंगाने किरकोळ, आवाज बारीक, आणि प्रश्न असा की माझ्या तोंडचं पाणी पळावं. "मॅम, चिठ्ठी वही रहे और अंदर का सामान बदल दें, तो पहलेवाला कहाँ जाता है?"

कुठे जातं? मला काय ठाऊक कुठे जातं! ते चौथ्या धड्यात असेल, नाहीतर चाळिसाव्यात. पण तीस वर्षं शिकवलेला माणूस अशाने गडबडत नाही. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अच्छा सवाल है. कल सब ढूँढकर लाना."

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस मुलींनी काहीही आणलं नाही. ही मात्र दोन पानं भरून घेऊन आली. मी वरून खालपर्यंत नजर फिरवली, मान डोलावली, बरोबरची खूण केली, आणि घरी जाऊन ते खरंच बरोबर आहे का ते पुस्तकात बघितलं. बरोबर होतं. मग माझ्या वहीत उतरवून घेतलं.

ही युक्ती मला इतकी आवडली की मी तिच्यावरच दिवस काढायला लागले. हिने हात वर केला की मी चष्मा पुसायचे, "अच्छा सवाल है", आणि उद्या पोरगी उत्तर घेऊन हजर. मला वाटायचं, हिच्या घरी मोठा भाऊ नाहीतर कोचिंगवाला कुणीतरी असणार आणि ही मला पारखतेय. मनातल्या मनात मी तिला 'किडा' म्हणायचे. बॉटनीच्या बाईला किडीचा राग असतोच. एकदा तर ती टेबलापाशी येऊन माझ्या खाकी पुस्तकाकडे बघत म्हणाली, "मॅम, यह प्लांट अ‍ॅनाटॉमी लाइब्रेरी में मिलेगी?" मी पुस्तक पर्समध्ये कोंबलं आणि म्हणाले, "आउट ऑफ प्रिंट है."

सप्टेंबरात गाडं रुतलं. नववा धडा, चक्राच्या आत चक्र. म्हणजे कंप्युटरला एक काम पुन्हा पुन्हा करायला सांगायचं, आणि त्या कामाच्या पोटात दुसरं काम पुन्हा पुन्हा. पुस्तकात चांदण्यांचा त्रिकोण काढायचा प्रोग्रॅम होता. मी तो पाठ केला, टाइप केला, चाललाही. पण का चालला ते देवाला ठाऊक. लेखक म्हणाला, आता त्रिकोण उलटा करा, सहज लक्षात येईल. मी आठ दिवस उलटी झाले, त्रिकोण झाला नाही. मुलींना मी आठव्या धड्याची उजळणी, मग उजळणीची उजळणी करायला लावली. माझा तो एक धडा संपत आला होता.

आणि नेमके तेव्हाच प्राचार्य म्हणाले, दसऱ्याची सुट्टी झाली की सोमवारी सी-स्कीम भागातल्या एका कंपनीतले तज्ज्ञ येतील, तुमच्या तासाला बसतील. त्यांना पसंत पडलं तर पेपर तुमच्याकडे. नाहीतर पुढच्या सत्रापासून बाहेरचं कुणी. आणि मग तुमच्या तासांचं... त्यांनी पुढचं वाक्य गिळलं आणि शिपायाला हाक मारली, "मैडम के लिए चाय लाना." मी चहा न पिता उठले.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं. जयपूरभर रावण उभे राहिलेले असतात, आणि आमच्या घरी चौरंगावर पाटी, पुस्तकं, ह्यांचं जुनं पेन आणि माझा मायक्रोस्कोप. इथल्या महाराष्ट्र मंडळातले कुणीतरी आपट्याची पानं म्हणून दरवर्षी कांचनाचीच आणून देतात, आणि मी दरवर्षी हा आपटा नाही म्हणून सांगते, आणि दरवर्षी मला 'घ्या हो सोनं' म्हणून गप्प करतात. यंदा चौरंगावर या पेपरासाठी घेतलेला लॅपटॉपही आला, आणि खाकी कव्हरातलं पुस्तक. पूजेत मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, अभ्यास करायचा नाही, ही माझ्या सासूबाईंपासूनची रीत. लहानपणी या रीतीइतकी दुसरी कुठलीही मला आवडली नव्हती. यंदा मात्र जीव टांगणीला. चार दिवसांवर सोमवार, आणि पुस्तक हळदकुंकू लावून बसलेलं.

पाटीवर सरस्वती मी काढते. प्रत्येक घरची तऱ्हा निराळी. आमच्या घरी एकाचे आकडे मांडतात. वर एक, त्याखाली दोन, मग तीन, असं सातापर्यंत पसरत जायचं आणि परत एकेक कमी करत एकावर यायचं, मग तिरक्या रेघांनी ते जोडायचे. साठीला आलेली बाई मी, पन्नासएक वेळा तरी काढली असेल. त्या दिवशी खडू धरून काढताना तोंडाने पुटपुटत होते, "पहिल्या ओळीला सहा घरं सोड, एक काढ. दुसरीला पाच घरं सोड, दोन काढ. तिसरीला चार घरं सोड..."

आणि माझा हात थांबला.

अगंबाई! हाच तो त्रिकोण. आणि खालचा अर्धा म्हणजे उलटा त्रिकोण. ओळ किती ते बाहेरचं चक्र सांगतंय, आणि त्या ओळीत किती सोडायचे, किती काढायचे ते आतलं. हे तर मी सहा वर्षांची असल्यापासून हाताने करतेय! मी इतक्या जोरात "अहो!" म्हणून ओरडले की हे आंघोळीतून तसेच टॉवेल गुंडाळून धावत आले. त्यांना वाटलं समईने पेट घेतला.

मी लॅपटॉपकडे हात नेला. ह्यांनी मनगट धरलं. "आज नाही. रीत म्हणजे रीत."

"अहो, मला कळलंय! विसरेन मी!"

"मग पाटीवर लिही. पाटी कुणी अडवलीय?"

"पाटी पण पूजेतलीच आहे की!"

त्यांनी विचार केला. विम्यातला माणूस, कलमांतून वाट काढण्यात हुशार. "सरस्वती पुरी होईपर्यंत ती नुसती पाटीच," ते म्हणाले. मग काय, सरस्वतीच्या शेजारी, तिच्याच पाटीवर, मी खडूने माझा पहिला न पाठ केलेला प्रोग्रॅम लिहिला. दोघांची एकत्रच पूजा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाइप केला, चालवला, आणि पडद्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती उतरली. आकडे इंग्रजी होते, तेवढं तिने चालवून घेतलं. मी रडले. खरंच रडले, आनंदाने, आणि ह्यांनी त्या दिवशी चहा केला. तो मी प्यायले.

सोमवारी निघताना ह्यांनी हातावर दही-साखर ठेवली. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. मी लॅपटॉप उघडून शेवटचं बघत होते, तर हे देवघरातून मूठभर अक्षता घेऊन आले आणि "यशस्वी भव" म्हणून निम्म्या माझ्या डोक्यावर आणि निम्म्या लॅपटॉपवर टाकल्या. मी घाईघाईत झटकल्या आणि पळाले.

तज्ज्ञ चाळिशीचे होते, पांढरे बूट घातलेले. शेवटच्या बाकावर बसले. प्राचार्य दाराशी उभे. मी सुरुवात झकास केली. म्हणाले, मुलींनो, बाहेरचं चक्र म्हणजे सासू. ती एकदाच हाक मारते, 'अगं!' आतलं चक्र म्हणजे सून. त्या एका हाकेवर ती सगळ्या घरातून फिरून येते. ती परत आली की मगच सासू दुसरी हाक मारते. वर्ग खूश. तज्ज्ञसुद्धा हसले. एवढ्यावर माझ्या अंगात आलं. तयार प्रोग्रॅम दाखवायचा सोडून मी म्हणाले, आता तुमच्यासमोर लिहून दाखवते.

मी दोन बोटांनी टाइप करते आणि डोळे बटणांवर ठेवते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर काय उमटतंय ते मला शेवटी कळतं. लिहिलं, चालवलं. पडद्यावर लाल अक्षरं. पहिल्या ओळीच्या शेवटी कोलन हवा, म्हणे. ती एकावर एक दोन टिंबं.

"दिलाय की!" मी चक्क मराठीत ओरडले.

पुन्हा त्या टिंबांचं बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं, अंगठ्याने, सगळा जोर लावून. लाल. त्या भाषेत सगळं जग त्या दोन टिंबांवर उभं, आणि ती काही केल्या येईनात. प्राचार्य घड्याळाकडे बघायला लागले. मला डोळ्यांसमोर डब्यांची ओळ दिसायला लागली, अळशीपासून हिंगापर्यंत. मग मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तो लड़कियों, इसमें एक गलती है. कौन ढूँढेगी?"

पहिल्या बाकावरून हात वर आला. येणारच होता.

ती पुढे आली. बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, कान जवळ नेला. "मॅम, उलटा कर दूँ?" आणि मी हो म्हणायच्या आत तिने माझा लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून पालथा केला आणि मागून दोन टिचक्या मारल्या, शिलाई मशीनला मारत असेल तशा. टेबलावर टुणकन काहीतरी पडलं. लालभडक, कुंकवात रंगलेला तांदळाचा दाणा.

"मॅम, चावल," ती हळूच म्हणाली.

मग जो काही हशा पिकला! तज्ज्ञ उठून टेबलापाशी आले, दाणा बोटावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मेरे मिस्टर का आशीर्वाद है." पोरीने कोलन टाकला, प्रोग्रॅम चालवला, आणि भिंतीवर सरस्वती उभी राहिली, एक, दोन, तीन करत सातापर्यंत, आणि परत एकापर्यंत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. 

तज्ज्ञांनी तिलाच विचारलं, हे कसं झालं ते सांग. तिने सगळं सांगितलं, सासूसुनेसकट, माझ्यापेक्षा चांगलं.

"कोचिंग जाती हो?"

"नहीं सर."

"घर पर कंप्यूटर है?"

"नहीं सर. कॉपी में लिखती हूँ, फिर मन में चलाकर देखती हूँ. खाने की छुट्टी में लाइब्रेरी में पढ़ती हूँ."

"फिर इतना कैसे सीखा?"

तिने माझ्याकडे बघितलं. "सर, मॅम कुछ बताती ही नहीं हैं. बोलती हैं, खुद ढूँढो. तो ढूँढना पड़ता है."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ना भाऊ, ना कोचिंग. माझ्यासारखीच वहीत प्रोग्रॅम उतरवून काढणारी पोर, आणि मी तिला किडा म्हणत होते. ती जेवणाची सुट्टी मोडून जे शोधून आणायची, ते मी आयतं माझ्या वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी तोऱ्यात शिकवत होते. लाज वाटली मला. आयुष्यात क्वचित वाटली असेल इतकी.

तज्ज्ञ माझ्याकडे वळले. डोळ्यांत चक्क आदर. "यह आपका तरीका है, मैडम? जानबूझकर नहीं बतातीं?"

प्राचार्यांची छाती फुगलेली दिसली. एवढी सोपी थाप मला कधी कुणी ताटात वाढून दिली नव्हती. नुसतं हो म्हणायचं होतं. पेपर माझा, तीन वर्षं माझी, वर्ग माझा. मी तोंड उघडलं. आणि ती पोर माझ्याकडे बघत होती, पुढचं उत्तर ऐकायला, रोज बघायची तशी.

"नहीं सर," मी म्हणाले. "मुझे आता ही नहीं था. जुलाई में पहली बार किताब खोली. बस, इनसे एक चैप्टर आगे रहती हूँ. पिछले महीने से वह भी नहीं."

दाराशी प्राचार्यांचा चेहरा पडला. मी त्या पोरीकडे बघायचं टाळलं. तज्ज्ञांनी तो तांदळाचा दाणा अलगद टेबलावर ठेवला आणि थँक यू म्हणून निघून गेले.

दोन दिवस मी डबे पुसले. हे फक्त एकदा म्हणाले, "अक्षता जरा जास्त झाल्या का गं?" तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. समोर बसले, फायली चाळल्या, इकडचं तिकडचं बोलले. चहा काही मागवेनात. त्यावरूनच मी ओळखलं. पेपर माझ्याकडे राहिला, पुढच्या वर्षीही. तज्ज्ञांनी नेमकं काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "उन्होंने लिखा है, सीखनेवाली टीचर है. और वह चावल वाली बात भी लिखी है."

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्या पोरीला थांबवलं आणि खाकी पुस्तक हातात दिलं. तिने वरची अक्षरं वाचली, 'प्लँट अ‍ॅनाटॉमी', आत उघडून बघितलं, माझे सगळे 'नाही येत' बघितले, आणि ओढणीत तोंड लपवून हसली. 

सुट्टी संपल्यावर तिने ते परत आणलं. मी तोवर अकराव्या धड्यावर होते. पुढची पानं चाळली तर चौदा, पंधरा, सोळा, सगळीकडे समासात बारीक पेन्सिलीने हिंदीतल्या टिपा. जिथे मी अजून पोचलेच नव्हते तिथे ही जाऊन राहून आली होती. एका टिपेत तर लेखकाचीच चूक काढलेली.

ती टीप मला कळेना. वर्गात, सगळ्यांसमोर, मी पुस्तक उघडून विचारलं, "यह तुमने क्या लिखा है? समझाओ."

ती उठून फळ्यापाशी आली. मी खडू तिच्या हातात दिला आणि पहिल्या बाकावर तिच्या जागी जाऊन बसले. वही उघडली. तिने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग नाकावर नसलेला चष्मा दोन बोटांनी काढला, ओढणीने पुसला, परत घातला.

"अच्छा सवाल है, मॅम," ती म्हणाली. "कल ढूँढकर लाना."

सगळा वर्ग हसत सुटला. मी लाल पेन काढलं, समास आखला आणि प्रश्न उतरवून घेतला.